किड्याचा पत्ता

वेलाचेरी, चेन्नई
२२ नोव्हेंबर

प्रिय शोभा,



तुझा फोटो मिळाला. आधी मोबाइलवर पाहिला, मग लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. किड्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवलंस ते फार शहाणपणाचं केलंस, लांबी कळली. पण खाली लिहिलंयस काय, तर नुसतं ‘हा कोण?’ अगं, तो सापडला कुठे? पडवीतल्या दिव्याखाली, गोठ्यात, की भाताच्या खाचरात? दिवसा की रात्री? पाऊस पडून गेला होता का? यातलं काहीच नाही. कुडाळहून इतक्या लांब मला कोडं घालतेस आणि निम्मं कोडं स्वतःपाशीच ठेवतेस! म्हणून दोन ओळींत आटपलं असतं ते उत्तर आता पानंच्या पानं वाचायची शिक्षा तुला.

घराणं मात्र फोटोवरूनही सांगता येतं. हा रोव्ह बीटल. म्हणजे भुंगेराच, पण दिसायला भुंगेऱ्यासारखा अजिबात नाही. भुंगेऱ्याच्या पाठीवरचे दोन टणक पंख सगळं पोट झाकतात. याचे ते पंख इतके आखूड, की परकरावर तोकडं पोलकं घातल्यासारखं पोट उघडंच राहतं. म्हणून लोक याला कधी मुंगी समजतात, कधी वाळवी, तर कधी तो शेपटाशी चिमटा असलेला किडा. फरक सोपा आहे. शेपटाला चिमटा नाही, मुंगीसारखी दोऱ्याएवढी कंबर नाही, आणि मिशा मुंगीसारख्या कोपरात वाकलेल्या नाहीत.

पंख आखूड म्हणून तो उडत नाही असं मात्र समजू नकोस. उडायचे पंख वेगळेच, त्या आखूड झाकणांखाली घड्या घालून ठेवलेले. त्या घड्या कशा पडतात हे टोकियोच्या काझुया साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपून २०१४ साली प्रसिद्ध केलं. डाव्या आणि उजव्या पंखाची घडी वेगवेगळी असते, आणि किडा हवं तेव्हा त्यांची अदलाबदल करतो. उतरल्यावर पोट वर उचलून तो पंख आत ढकलतो. मी हे व्हिडिओत पाहिलं आणि साडीच्या घड्या घालता घालता थांबले, एवढंच सांगते.

आता अडचण. या घराण्यात जगभर साठ हजारांवर जाती आहेत. भुंगेऱ्यांच्या सगळ्यांत मोठ्या कुळांपैकी हे एक. बहुतेक मंडळी काळी किंवा तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि एकासारखी दुसरी. त्यातल्या एका काळ्या ठिपक्याचं नाव फोटोवरून मागणं म्हणजे थट्टाच. पण तुझं नशीब चांगलं. तुझा किडा रंगीत आहे: डोकं काळं, मान केशरी, आखूड पंख निळे-हिरवे चकचकीत, पोट पुन्हा केशरी आणि शेवटचं टोक काळं. इतकी वर्दी घालून फिरणारा म्हणजे पेडेरस गणातला. तोच आमच्या चेन्नईत सध्या धुमाकूळ घालतोय.

तुमचा पाऊस गणपतीनंतर ओसरतो, आमचा दसरा-दिवाळीला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीचा पाऊसच चेन्नईला खरं पाणी देतो. त्या ओल्या संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की भोवती चिलटं, तुडतुडे, वाळवीचे पंख, आणि त्यात हे केशरी-काळे गृहस्थ. आमच्या इमारतीचा वॉचमन रात्रभर पांढऱ्या दिव्याखाली बसतो. मानेवर काही वळवळलं, त्यानं हातानं पुसलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेवर बोटभर लांब लाल पट्टा, आग आग, आणि मग बारीक पुळ्या.

मग सुरू झालं निदान. शेजारच्या मामींनी एका नजरेत सांगितलं, ‘अक्की’. म्हणजे आपली नागीण. तमिळ खेड्यांतून अक्की झाली की कुंभाराकडे जातात. तो काव म्हणजे गेरू कालवून त्या जागी रंगवतो, सिंहाचं चित्रसुद्धा काढतो. आपल्याकडे नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात, आठवतंय ना? तुझ्या आजीनं गावातल्या कितीजणांना त्या भीतीनं झोपू दिलं नसेल! तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या बाईंनी ठामपणे सांगितलं की कोळी मुतला. हे तर आपल्याकडेही म्हणतात. कोळी बिचारा कोपऱ्यात जाळं विणत बसलेला असतो, सकाळी नेमका तोच दिसतो, आणि बोलणी खातो.

ही चूक का होते, ते फार मजेशीर आहे. हा किडा चावत नाही, डंख मारत नाही. तो चिरडला गेला की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो, आणि त्याचा परिणाम दिसायला एक-दीड दिवस जातो. तोवर आपण किडा पुसला होता हेही विसरलेले असतो. पोलीस येईपर्यंत गुन्हेगार गाव सोडून गेलेला, मग हाताला लागेल त्याला पकडायचं. डॉक्टर मात्र खुणांवरून ओळखतात. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेनं, अंगाच्या एकाच बाजूला उठते आणि बहुधा आधी दुखते. हा पट्टा उघड्या अंगावर उठतो, ज्या दिशेनं हात फिरला त्या दिशेनं ओढलेला. कोपराच्या आत किडा चिरडला असेल, तर हात दुमडल्यावर वरखाली एकमेकांवर बसणारे दोन डाग उठतात. ही खूण पाहिली की शंका उरत नाही.

हे केवळ आमच्या जिन्यातलं नाट्य नाही बरं. दक्षिण भारतातल्या एका उपनगरी रुग्णालयात अशीच साथ आली होती. तिथल्या १२३ रुग्णांचा अहवाल २००७ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. २०२२च्या जुलैत सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शंभरेक विद्यार्थ्यांना असाच त्रास झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘आफ्रिकेतून आलेली नैरोबी माशी’ म्हणून गहजब केला. माशी नाही, आणि आफ्रिकेतून यायची तिला गरजही नाही. पेडेरस आपल्या भातखाचरांत आधीपासून राहतो. भाताचा किडा भाताच्या देशात दिसला, यात परदेशी कट कसला? पण ‘नैरोबी’ म्हटलं की बातमी खपते.

त्या रसातल्या विषाचं नाव पेडेरिन. इटलीत पावान आणि बो या दोघांनी १९५३ साली त्याला ओळख दिली, आणि त्याच्या अभ्यासासाठी शेतांतून गोळा केलेले किडे किती होते माहीत आहे? दोन कोटी पन्नास लाख! ते मोजले कोणी, हा माझा खरा प्रश्न आहे. पुढे आणखी गंमत निघाली. जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की हे विष किडा स्वतः बनवतच नाही, त्याच्या अंगात राहणारा एक जिवाणू बनवतो. योर्न पील यांनी २००२ साली त्या जिवाणूची जनुकंच शोधून काढली. सगळ्या माद्यांत तो जिवाणू नसतो. ज्यांच्यात असतो त्या आपल्या अंड्यांना विषाचा लेप देऊन सोडतात, आणि त्या विषारी अळ्यांना शिकारी कोळी तोंड लावत नाहीत. म्हणजे बघ, आळ कोळ्यावर, हात किड्याचा, आणि कर्ता करविता भलताच. पेडेरिनशी मिळतीजुळती द्रव्यं समुद्रातल्या स्पंजांतही सापडली आहेत, आणि कर्करोगावरच्या औषधांच्या शोधात त्यांच्याकडे लक्ष गेलं.

याहून जुनी गोष्ट ऐक: चीनमध्ये इसवी सन ७३९ मधल्या एका औषधग्रंथात एका विषारी किड्याचं वर्णन आहे. कातडीला लागला तर सूज येते, आणि गोंदण काढायला तो उपयोगी पडतो, असं त्यात म्हटलंय. तो पेडेरसच असावा, असा तर्क फ्रँक आणि कानामित्सु या अभ्यासकांनी १९८७ साली मांडला. गोंदण काढायचं तुझ्या मनात असेल तर विचार सोड, डाग त्याहून वाईट राहतो.

आता तू शेतकरीण, म्हणून तुझ्या कामाचं. हा दिव्याखाली खलनायक असला तरी खाचरात तो तुझा गडी आहे. दिवसा भाताच्या बुंध्यांवरून तुरुतुरु धावत तो तपकिरी तुडतुडे, बारीक अळ्या आणि पतंगांची अंडी खातो. छेडलं की शेपूट वर उचलून विंचवाचा आव आणतो, पण नांगी नाही. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय की उठसूट फवारणी केली की आधी असे मित्र मरतात आणि तुडतुडे दुप्पट जोमानं उसळतात. तेव्हा पडवीत एक किडा दिसला म्हणून तुझ्या दिरांना पंप उचलू देऊ नकोस.

मग भाताचा किडा आमच्या चौथ्या मजल्यावर कसा? याचं उत्तर किड्यात नाही, नकाशात आहे. मलेशियात पेनांगला याचा नीट अभ्यास झालाय. भातशेताजवळच्या उंच इमारतींत पेडेरस कधी शिरतात याच्या नोंदी ठेवल्या, तर भाताच्या हंगामाशी मेळ लागला. कापणी झाली, आसरा गेला, की ते उडून उजेडाकडे निघतात. चेन्नईभोवती चेंगलपट्टू, तिरुवळ्ळूर, कांचीपुरम हे जिल्हे म्हणजे तळ्यांचा मुलूख. इथे तळ्याला ‘एरी’ म्हणतात, आणि एरीच्या खाली भात. सांबा, नवरै, सोर्णवारी अशी पिकं एकामागून एक, म्हणजे वर्षाचा बराच काळ कुठे ना कुठे खाचर ओलं. आम्ही राहतो त्या वेलाचेरीच्या पाठीला पळ्ळिकरणैची दलदल आहे. कधीकाळी हजारो हेक्टर पसरलेली ती दलदल रस्ते, आयटी कंपन्या आणि पेरुंगुडीच्या कचरा डेपोनं खात खात लहान केली. उरलेल्या भागाला २०२२ साली रामसर हा पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. म्हणजे आम्ही किड्याच्या अंगणात घर बांधलं, वर पांढरा दिवा लावला, आणि आता तो आत येतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार करतो. परवा एकानं ‘बिल्डरला जाब विचारा’ असंही लिहिलं होतं. बिल्डरनं फ्लॅट विकले, दलदल विकली नाही, असं मी टाइप केलं होतं. मग खोडलं. शेजारी टिकवायचे असतात.

म्हणून मी पत्त्याचा एवढा धोशा लावते. या घराण्यात तोंडावळा फसवतो, घर फसवत नाही. समुद्राच्या वाळूवर कुजणाऱ्या शेवाळाखाली धावताना दिसला, तर कॅफियस गणाचा संशय घ्यायचा. ते जगभर किनाऱ्यावरच राहतात, आत गावात येत नाहीत. खाडीच्या ओल्या मातीत बारीक ढिगारे आणि शेजारी भोकं दिसली तर ब्लेडियस. इंग्लंडच्या खाजणातल्या एका ब्लेडियसचा अभ्यास ट्रिस्ट्रम वायट यांनी केला होता. त्याची मादी अंड्यांसाठी बाटलीच्या आकाराचं, अरुंद तोंडाचं बीळ करते, त्यामुळे भरतीचं पाणी वरून गेलं तरी आत हवा अडकून राहते. ती पिल्लांसाठी शेवाळ आणून ठेवते आणि त्यांच्यावर टपलेल्या बारीक गांधिलमाशीला हुसकावून लावते. भुंगेऱ्यात इतकी आई सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

तळ्याच्या काठी ओल्या गवतावर मोठाल्या डोळ्यांचा काळा किडा दिसला तर तो स्टेनस असू शकतो. तो तोंडातून चिकट अवयव बाणासारखा पुढे फेकून बारीक उड्या मारणारे किडे पकडतो. पाण्यात पडला तर शेपटाशी असलेल्या ग्रंथीतून एक द्रव्य सोडतो, पाण्याचा पृष्ठताण मागच्या बाजूला ढिला पडतो, आणि हा पाय न हलवता पुढे सटकतो. ताज्या शेणात माशांच्या अळ्यांवर तुटून पडणारे वेगळे, आणि अलिओकारा गणाची पिल्लं तर माशीच्या कोषात शिरून आतून तिला खातात. मुंग्यांच्या वारुळात पाहुणे म्हणून राहणारे आहेत, वाळवीच्या घरातलेही आहेत. ऑस्ट्रेलियात २०२३ साली एक जात सापडली. तिचं पोट फुगून पाठीवर उलटं वळलेलं आणि हुबेहूब वाळवीच्या आकाराचं, पायांसारखे अवयवसुद्धा. वाळव्या त्या बाहुलीलाच बहीण समजून भरवत असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

इतकं असूनही नेमकी जात ठरवणं सोपं नाही. पेडेरसच्याच सहाशेवर जाती आहेत, आणि बऱ्याच जणांची वर्दी हीच. आपल्याकडच्या या घराण्याचा मोठा ग्रंथ माल्कम कॅमेरॉन यांनी लिहिला. हा माणूस मुळात ब्रिटिश आरमारातला शल्यवैद्य, पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आला आणि असे बारीक किडे जमवत बसला. १९३० ते १९३९ या काळात त्याचे खंड निघाले, आणि आजही भारतातल्या रोव्ह बीटलचं काम करणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्याचा मूळ संग्रह मात्र लंडनला. तुझ्या किड्याबाबत माझा संशय पेडेरस फ्युसिपेस या जातीवर आहे, कारण भातशेतीत सर्रास सापडणारी ती, इंग्लंडपासून जपानपर्यंत पसरलेली. गंमत म्हणजे १८२६ साली जॉन कर्टिस यांनी तिला नाव दिलं ते इंग्लंडात. पण हा संशयच. खात्रीसाठी नराचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडून त्याचा जननअवयव तपासावा लागतो, कारण जातीजातीतला फरक तिथे नेमका दिसतो. फोटोला ते जमत नाही, आणि फोनवर ‘हे ॲप सांगतंय’ म्हणणाऱ्या तुझ्या भाच्यालाही नाही. ॲपनं गणापर्यंत आणून सोडलं तरी त्याचे आभार मानावेत.

तेव्हा आता एवढं कर. दिसला तर हातानं मारू नकोस. अंगावर असेल तर फुंकर मार किंवा कागद पुढे धर, तो आपण होऊन चढतो. चिरडला गेलाच तर लगेच साबणानं भरपूर पाण्यात धू, आणि तो हात डोळ्याला लावू नकोस. डोळ्याला लागलं तर घरगुती उपाय नको, डॉक्टर गाठ. पडवीतला पांढरा दिवा काढून पिवळा लाव, रात्री दिव्याखाली वाळत टाकलेले टॉवेल आणि अंथरुणं झटकून घे. मच्छरदाणी लाव हे कोकणात मी काय सांगायचं.

आणि एखादा मेलेला सापडला तर चिमट्यानं उचलून छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेव. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाक, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीत गाव, वाडी, तारीख, वेळ, दिव्याखाली की खाचरात, पाऊस होता का, आणि तुझं नाव, सगळं लिही. इथे चेन्नईत सँथोमला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं दक्षिणेचं केंद्र १९६१ पासून आहे, पण तुला ते लांब. त्यांचंच पश्चिमेचं केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे. तुमचा सुनील पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहे ना? त्याच्याकडे बाटली दे आणि तिथे चौकशी करायला सांग. चिठ्ठी नसेल तर मात्र बाटली पाठवूच नकोस, ती तिथे कुणाच्याही कामाची नाही.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंदा